मांजराने बटण दाबले म्हणजे ते बोलले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमिनीवर मांडलेली बटणे पंजाने दाबून माणसांशी 'बोलणाऱ्या' मांजरांविषयी आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने वाचला, कारण आमच्या घरीही गेले दीड वर्ष अशी चार बटणे स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलेली आहेत. दुसऱ्यांदा वाचला तो हातात पेन्सिल घेऊन, कारण ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही अशा मुलांबरोबर वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून मी ३१ वर्षे काम केले आहे आणि 'बोलणे' हा शब्द कोणत्या गोष्टीला लावायचा, याबाबत आमच्या पेशातील माणसे जरा कंजूष असतात. बटणांना माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो मथळ्यातील 'बोलू लागली' या शब्दांना. तो केवळ शब्दच्छल नव्हे; या शब्दांपायी लोक नको ती बटणे मांडून बसतात आणि त्यातून एका बोक्याच्या जिवावर कसे बेतले, हे पुढे लिहिते.

ही कल्पना बटणे विकणाऱ्या एखाद्या कंपनीला सुचली असावी, असा लेखाचा सूर आहे. वास्तविक ती आमच्याच पेशातून निघाली. अमेरिकेतील ख्रिस्टिना हंगर या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी २०१८ साली आपल्या स्टेला नावाच्या पिल्लासाठी 'बाहेर' या अर्थाचा शब्द ध्वनिमुद्रित केलेले एक बटण दाराशी ठेवले, आणि त्या दिवसभर ज्या लहानग्यांना चित्रफलकावरून बोलायला शिकवीत असत, त्यांची पद्धत घरी कुत्रीवर वापरून पाहिली. मांजरांची पाळी नंतर आली; फ्लोरिडातील एका पशुवैद्य बाईंच्या बिली नावाच्या मांजरीने 'राग आला' या अर्थाचे बटण दाबलेल्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या, तेव्हा मांजरेही हे करू शकतात अशी लोकांची खात्री पटली.

आमची पद्धत साधी आहे, पण चिकाटीची आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या मुलाची जीभ वळत नाही, त्याच्यापुढे पाणी, जेवण, आई, नको अशी चित्रे मांडलेला फलक ठेवायचा. घरातील प्रत्येकाने बोलताना स्वतः त्या चित्रावर बोट ठेवायचे. मुलाचा हात धरून ते बोट चित्रावर कधीही दाबायचे नाही. आणि मग वाट पाहायची, कधी आठवडे, कधी महिने. मुलाने पहिल्यांदा 'पाणी' दाखवले की आई रडते, पण आम्ही तेवढ्यावर वहीत 'शब्द आला' असे लिहीत नाही. तेच मूल शेजारणीच्या हातातील बाटली पाहून 'पाणी' दाखवते, खिडकीबाहेर पाऊस पडू लागला की दाखवते, काल नदीवर गेलो होतो हे सांगण्यासाठी दाखवते, आणि तहान मुळीच लागलेली नसताना केवळ सांगण्याच्या आनंदाने दाखवते, त्या दिवशी आम्ही ते लिहितो. मागणे आणि सांगणे यांच्यामधला हा जो उंबरठा आहे, तो ओलांडलेला प्राणी लेखात मला एकही दिसला नाही. लेखात वर्णिलेले प्रत्येक 'वाक्य' ही मागणीच आहे.

आता आमच्या मांजरीविषयी. ठमी ही सोसायटीच्या वाहनतळात सापडलेली पट्टेरी मांजर, आता तीन वर्षांची. तिला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे जाळी लावलेली गॅलरी, म्हणून पहिले बटण 'गॅलरी' हेच ठेवले. खाण्याचे बटण पहिले ठेवू नये असे माझे मत आहे, कारण ते दाबले की दर वेळी खायला द्यावे लागते, आणि न दिले तर बटणाचा अर्थच पुसला जातो. दिले तर मांजर फुगते. रोज दार उघडण्यापूर्वी मी खाली बसून बटण दाबत असे, 'गॅलरी' म्हणत असे आणि मगच कडी काढत असे. सात आठवडे ठमीने माझ्याकडे, म्हाताऱ्या माणसाला रोज उठाबशा काढताना पाहावे तसे पाहिले. आठव्या आठवड्यात एका पहाटे अंधारात माझाच आवाज 'गॅलरी, गॅलरी' असे ओरडू लागला आणि आमचे यजमान दचकून उठून बसले.

त्यानंतर 'खाऊ', 'दोरी' आणि 'कुरवाळ' अशी तीन बटणे आली. मध्यंतरी 'नंतर' असेही एक बटण मी ठेवले होते, म्हणजे मला नकार देण्याची सोय व्हावी. ती फसली. 'नंतर' ही काही दाखवता येणारी वस्तू नव्हे. आमच्या मुलांनाही हा शब्द फार उशिरा कळतो. मी 'नंतर' दाबले की ठमी उलट 'गॅलरी' दाबत असे, आणि हा संवाद आमच्यापैकी एकीचा धीर सुटेपर्यंत चाले. धीर नेहमी माझाच सुटला.

इथे एक अडचण नोंदवते, जी इंग्रजीतून आलेल्या माहितीत सापडणार नाही. आपल्या भाषेत शब्द एका रूपात स्थिर राहत नाही. बटणात 'गॅलरी' असते, पण मी म्हणते 'चल गॅलरीत', यजमान म्हणतात 'गॅलरीतून ये आता', नातू 'बाल्कनी' म्हणतो, आणि कामाला येणाऱ्या मावशी 'भाईर जाती का गं?' असे विचारतात. मांजराच्या कानाला हे चार वेगळे आवाज आहेत. म्हणून घरात असा नियम केला की आधी नुसता शब्द उच्चारायचा आणि मग हवे ते वाक्य बोलायचे: 'गॅलरी. चल, गॅलरीत जाऊ.' दुसरे म्हणजे, प्रथम मी 'दोरी'ऐवजी 'खेळ' असे मुद्रित केले होते, परंतु स्वस्त बटणाच्या बारक्या कर्ण्यातून 'खाऊ' आणि 'खेळ' यांचा आरंभ मलाच सारखा ऐकू येई. शब्द निवडताना ते कागदावर नव्हे, कानावर वेगळे पडतात का, हे पाहावे.

या सगळ्यात मला जे खरे शिकायला मिळाले, ते मावशींमुळे. एके दिवशी फरशी पुसताना त्यांनी बटणांचा फलक उचलला आणि परत ठेवताना उलटा ठेवला, त्यामुळे 'गॅलरी'च्या जागी 'दोरी' आली. ठमी आली, तिने सवयीच्या कोपऱ्यातील बटण दाबले, 'दोरी' असा आवाज झाला, आणि ती गॅलरीच्या दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसली. मी मुद्दाम दोरी आणून तिच्यापुढे हलवली. तिने दोरीकडे पाहिले, उठली, पुन्हा तेच बटण दाबले आणि पुन्हा दाराशी जाऊन बसली. पुढे काही दिवस मी हे हेतुपुरस्सर करून पाहिले. बहुतेक वेळा ती जागेवरून गेली, आवाजावरून नाही. बटण काय उच्चारते याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. त्या कोपऱ्यात पंजा टेकला की दार उघडते, एवढेच तिला पक्के ठाऊक होते.

यात ठमीचा कमीपणा नाही. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यांत कोंडून बाहेर खाणे ठेवले होते. दोरीचा फास ओढला किंवा खटका दाबला की खोक्याचे दार उघडत असे. मांजरे प्रथम धडपडत, केव्हातरी चुकून पंजा योग्य ठिकाणी पडे, आणि खेपेगणिक सुटकेला लागणारा वेळ कमी कमी होत जाई. ज्या कृतीने समाधान मिळते ती कृती पक्की होते, हा मानसशास्त्रातील पायाभूत नियम त्या मांजरांनी आपल्याला दिला. आमच्या गॅलरीचे बटण म्हणजे तेच खोके, फक्त खटक्यातून माझा आवाज येतो. तो आवाज मांजरासाठी नसून आपल्यासाठी असतो, आणि तो आपल्याच भाषेत, बहुधा आपल्याच गळ्यातून आलेला असल्यामुळे त्यामागे बोलणारे मन आहे असे आपल्याला वाटून जाते.

मग मांजराला शब्द कळतच नाहीत का? कळतात, आणि गंमत इथेच आहे. फलक उलटा असतानाच्या त्याच दिवसांत मी दुसऱ्या खोलीतून नुसते 'दोरी' म्हटले, की ठमी जिथे दोरी ठेवलेली असते त्या कपाटापाशी धावत जात असे. आमच्या शास्त्रात आकलन आणि अभिव्यक्ती या दोन बाजू आम्ही नेहमी वेगवेगळ्या तपासतो, आणि ठमीची 'दोरी' आकलनात होती, अभिव्यक्तीत नव्हती. याला मोठ्या अभ्यासांचा आधार आहे. जपानमधील आत्सुको साइतो यांनी २०१९ साली ७८ मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की घरगुती मांजर तेवढ्याच लांबीच्या इतर शब्दांतून स्वतःचे नाव वेगळे ओळखते, आणि हाक अनोळखी माणसाने मारली तरी ओळखते. २०२४ साली जपानमध्येच साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ मांजरांना पडद्यावर एक चित्र दाखवून त्यासोबत एक निरर्थक शब्द ऐकवला, दुसऱ्या चित्रासोबत दुसरा. नंतर जोड्यांची अदलाबदल केली, तेव्हा मांजरे पडद्याकडे अधिक वेळ पाहत राहिली, म्हणजे काहीतरी चुकले आहे हे त्यांना जाणवले. तेही कोणी त्यांना खाऊ दिलेला नसताना. मांजर ऐकत नाही असे नाही. ऐकून न ऐकल्यासारखे करते, हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना मी काय सांगावे!

लेखात 'विज्ञानाने सिद्ध केले आहे' असे एक वाक्य आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फेडेरिको रोसानो यांच्या प्रयोगशाळेने या बटणांवर गांभीर्याने काम चालवले आहे. २०२४ साली त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि दोन्ही कुत्र्यांविषयी आहेत, ही गोष्ट लेखात गाळली गेली आहे. पहिल्यात ५९ कुत्र्यांचे आकलन तपासले: खेळ आणि बाहेर या अर्थांचे शब्द बटणातून ऐकवले किंवा माणसाने उच्चारले, मालकाने ऐकवले किंवा परक्याने, तरी कुत्री त्या त्या शब्दाला साजेसे वागली. दुसऱ्यात अभिव्यक्ती तपासली: १५२ कुत्र्यांच्या घरांतून २१ महिन्यांत २,६०,००० हून अधिक वेळा बटण दाबल्याच्या नोंदी गोळा झाल्या, त्यांतील सुमारे १,९५,००० कुत्र्यांच्या होत्या, आणि लागोपाठ दाबलेल्या दोन बटणांच्या जोड्या यदृच्छेने पडाव्यात तशा पडलेल्या नाहीत, असे गणिताने दिसले. हे महत्त्वाचे आहे, आणि माझ्यासारख्या शंकेखोर बाईलाही ते मान्य आहे. पण यदृच्छेने पडलेले नाही याचा अर्थ 'वाक्यरचना केली' असा होत नाही. सवय, जागा, लागोपाठ मिळालेली बक्षिसे यांनीही जोड्या पक्क्या होतात. त्याच अभ्यासातील एक निरीक्षण मला फार आवडले. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' या अर्थाचे बटण माणसे कुत्र्यांच्या मानाने कितीतरी अधिक वेळा दाबत होती. ज्यांना त्या बटणाची गरज होती, त्यांनी ते दाबले.

शब्दांच्या जोड्यांतून अर्थ काढताना आपण किती मोकाट सुटतो, हे १९७९ मध्येच उघड झाले होते. कोलंबिया विद्यापीठातील हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली, आरंभी यश आले असे मानले, आणि नंतर चित्रफिती सावकाश तपासल्यावर कबूल केले, की निम बहुतांशी समोरच्या शिक्षकाच्या खुणांचा प्रतिध्वनी देत होता, आणि त्याची 'वाक्ये' लांबली तरी त्यांतला अर्थ वाढत नव्हता. त्याआधी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा सांगत असे; १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर हान्सचे गणित कच्चे होते. आपल्याकडे गुबुगुबु वाजवीत दारी येणारा नंदीबैलवाला हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. 'पाऊस पडेल का?' या प्रश्नावर बैल मान डोलावतो ती धन्याच्या इशाऱ्यावर, हे आपल्या लेकरांनाही कळते. बटणांच्या चित्रफितींत मात्र उलटे होते. मांजर 'खाऊ' आणि 'गॅलरी' दाबते, बाई विचारते, 'तुला गॅलरीत बसून जेवायचे आहे का?', आणि मान डोलावते ती बाईच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरी, मांजर बोलते आहे तर त्याला आपले दुखणेही सांगता यावे, या सद्भावनेने 'दुखतंय' असे बटण ठेवले गेले. बोका हुशार होता. ते बटण दाबले की सगळे घर त्याच्याभोवती जमते, उचलून घेते, पोटावरून हात फिरवते, हे त्याला चार दिवसांत कळले आणि तो दिवसातून दहादा ते दाबू लागला. लांडगा आला रे आला, दुसरे काय? आठ-दहा महिन्यांनी त्याची लघवी खरोखर अडली, तेव्हा त्याने बटणाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो लिटरच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता, कण्हत होता, आणि घरचे म्हणत होते, 'बद्धकोष्ठ असेल. दुखत असते तर बटण दाबले असते.' बोक्याची लघवी तुंबणे ही तासांच्या हिशेबाची गोष्ट आहे; एक-दोन दिवसांत ते प्राणावर बेतते. नळी घालून तो वाचला, पण थोडक्यात.

दुखणे ही वस्तू मांजराला दाखवून शिकवता येत नाही. 'ही बघ दोरी' म्हणता येते, 'हे बघ तुझे दुखणे' असे कसे म्हणणार? मूकबधिर असो वा सुदृढ, माणसाच्या मुलालासुद्धा पोटात नेमके कुठे दुखते ते सांगायला वर्षे लागतात. शिवाय मांजराची दुखण्याची खूण आधीच त्याच्या चेहऱ्यावर आहे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ साली ती मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली: कान बाहेरच्या बाजूला फिरलेले, डोळे आक्रसलेले, नाकातोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकलेले. या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण द्यायचे आणि बेरीज करायची. घरच्या माणसाला हे दोन मिनिटांत शिकता येते, आणि त्यासाठी मांजराला काहीही शिकवावे लागत नाही. बटणांइतकी जागा या पट्टीला पुरवणीत मिळाली असती, तर फार बरे झाले असते.

आवाजांचेही तसेच आहे. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी क्वचितच 'म्यांव' करतात. तो सूर त्यांनी मुख्यतः आपल्यासाठी राखला आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली दाखवले, की खाणे मागताना मांजर जे गुरगुरते, त्यात तान्ह्या बाळाच्या रडण्याशी जुळणारा एक उंच स्वर मिसळलेला असतो, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलेले नाही त्यांनाही ते गुरगुरणे अधिक निकडीचे वाटते. माणसाला कसे हलवावे याचा इतका बारीक अभ्यास केलेल्या प्राण्याला प्लास्टिकच्या बटणावाचून अडचण होत असेल, असे मला वाटत नाही.

तरीही मी बटणे काढलेली नाहीत. दारावर ओरखडे काढण्याऐवजी ठमी एक ठोका देऊन बसते, हे आमच्या दाराला मानवले आहे. आणि पहाटे कोणाला काय हवे आहे, हे अंधारातही कळते. ज्या वाचकांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी महागडा संच न घेता आवाज मुद्रित करता येणारे एकच बटण घ्यावे, मांजर आजही ज्यासाठी आपल्यामागे लागते त्या गोष्टीचे नाव त्यात भरावे, आणि दाबल्यावर ती गोष्ट देणे शक्य नसेल अशा वेळी बटण सरळ उचलून ठेवावे. पावसाळ्यात गॅलरी भिजलेली असते, तेव्हा आम्ही तेच करतो. मांजराचा पंजा धरून बटणावर कधीही ठेवू नये. मुलांच्या बाबतीत जे आम्ही कटाक्षाने टाळतो, ते पंजे असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत टाळण्याला तर आणखी एक ओरखड्यांचे कारण आहे.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे, की या विषयावरील पुढचा लेख छापताना 'मांजराने सांगितले' आणि 'मांजराने मागितले' यांत फरक करावा. चित्रफितीवरून लिहिले असेल तर ती किती तासांच्या चित्रीकरणातून निवडलेली आहे, हे संबंधितांना विचारून छापावे. आणि लघवी अडलेल्या बोक्याची लक्षणे एका चौकटीत द्यावीत. चौकटीचा मजकूर पशुवैद्यांकडून तपासून घेऊन मी विनामूल्य लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त वाचा-उपचारतज्ज्ञ, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)